गरिबांचा सोबर्स? एका शिक्क्याचा प्रतिवाद

रुसी फ्रामरोझ सुरती याचा जन्म 25 मे 1936 रोजी सुरतेत झाला. डिसेंबर 1960 ते 1969 या नऊ वर्षांत तो भारताकडून 26 कसोटी सामने खेळला. डावखुरा फलंदाज, डाव्याच हाताने आधी मध्यमगती आणि गरज पडली की फिरकी टाकणारा गोलंदाज, आणि त्या काळच्या भारतीय संघात दुर्मीळ असलेला चपळ क्षेत्ररक्षक अशी त्याची तिहेरी ओळख होती. 28.70च्या सरासरीने 1,263 धावा, 46.71च्या सरासरीने 42 बळी आणि 26 झेल एवढी त्याची कसोटीतली जमा. या आकड्यांवर क्रिकेटच्या लेखनाने ‘गरिबांचा सोबर्स’ असा शिक्का मारला. जानेवारी 2013मध्ये मुंबईत त्याचे निधन झाले, तेव्हा मृत्युलेखांतही तोच शिक्का पुन्हा उमटला.

शिक्का वरवर कौतुकाचा वाटतो, कारण त्यात सोबर्सचे नाव आहे. साम्यही काही अंशी खरे आहे. गॅरी सोबर्स डावखुरा होता, वेगवान आणि फिरकी अशी दोन्ही गोलंदाजी करत होता, क्षेत्ररक्षणातही अव्वल होता. मात्र हे साम्य कौशल्यांच्या यादीपुरते आहे. सोबर्सने 93 कसोटींत 57.78च्या सरासरीने 8,032 धावा केल्या आणि 235 बळी घेतले. ही फूटपट्टी लावली तर विनू मांकडही तोकडा ठरतो, कारण त्याची फलंदाजीची सरासरी 31.47 आहे. तरीही मांकडला कोणी कोणाची स्वस्त आवृत्ती म्हटले नाही. शिक्का मारणाऱ्यांनी सुरतीला न शोभणारे माप निवडले, मग तो त्या मापात बसत नाही म्हणून त्याच्या नावामागे गरिबी चिकटवली. भारतीय संघात त्याला कोणते काम दिले होते आणि ते त्याने कसे केले, हा प्रश्न यात विचारलाच गेला नाही.

शिक्क्याच्या पाठीराख्यांचे तीन आक्षेप आहेत. त्याचे बळी फार महाग पडले. त्याला कसोटीत एकही शतक करता आले नाही. आणि त्याची सगळी कामगिरी एकाच दौऱ्यातली आहे. तिन्ही आक्षेपांतली आकडेवारी बरोबर आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र टिकत नाही.

पहिला आक्षेप 46.71 या सरासरीचा. नवा चेंडू हाती घेणाऱ्या गोलंदाजासाठी हा आकडा वाईट आहे, यात वाद नाही. पण 1960च्या दशकात भारताकडून नवा चेंडू टाकणे म्हणजे काय होते, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. भारताची खरी ताकद फिरकी होती. प्रसन्ना, बेदी, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे चौघे त्याच दशकात उभे राहिले. फिरकी गोलंदाजाला नव्या चेंडूची लकाकी नकोशी असते. बोटांना पकड मिळत नाही आणि फलंदाजाला सावरायला वेळ मिळतो. म्हणून कोणीतरी आधी तो चेंडू जुना करून द्यावा लागे. खऱ्याखुऱ्या वेगवान गोलंदाजांची वानवा होती. अलिबागला जन्मलेला डावखुरा वेगवान गोलंदाज उमेश कुलकर्णी 1967-68च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड दौऱ्यावर होता, पण त्याची कसोटी कारकीर्द चार सामन्यांत आणि पाच बळींत आटोपली. अशा संघात लकाकी घालवण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडत असे, त्यांत सुरती होता.

हे काम करणारा माणूस नसला की काय होते, याचा दाखला 1967च्या इंग्लंड दौऱ्यात सापडतो. लीड्सच्या कसोटीत पहिल्याच दिवशी सुरतीच्या गुडघ्याला दुखापत झाली, बेदीही जायबंदी झाला आणि इंग्लंडने 4 बाद 550वर डाव सोडला. पुढे एजबॅस्टनच्या कसोटीत सुरती संघात नव्हता. चारही फिरकी गोलंदाज मात्र त्या अकरांत होते. भारताचा नवा चेंडू त्या दिवशी सुब्रमण्यने आणि बुधी कुंदरनने टाकला. सुब्रमण्य मूळचा फलंदाज, आणि कुंदरनची ओळख यष्टिरक्षकाची. फलंदाजीच्या पहिल्या सहांत खेळू शकणारा आणि शिवाय नवा चेंडूही हाताळणारा माणूस हाताशी नसला, तर कर्णधाराला काय तडजोड करावी लागते, हे त्या एका सामन्यातून उघड होते. सुरती खेळत असला की ही तडजोड टळे आणि संघात आणखी एका फिरकी गोलंदाजाला जागा होई. त्या फिरकी गोलंदाजाने घेतलेले बळी अर्थातच त्याच्याच नावावर जमा झाले.

अशा कामाला खेळात हिशेबाचे रकाने नसतात, आणि ही अडचण क्रिकेटपुरती नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे पाच धिप्पाड खेळाडूंची ओळ उभी असते: मधोमध सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. प्रतिपक्षाला अंगावर झेलायचे, आपल्या माणसाला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायची आणि धावणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचे काम. चेंडू मागे देणारा सेंटर सोडला, तर ते सहसा चेंडूला हात लावत नाहीत, गुण मिळवत नाहीत. पंचांच्या तोंडी त्यांचा क्रमांक येतो तो बहुधा त्यांच्याकडून नियमभंग झाला की. तरीही त्या खेळाच्या जाणकारांनी या माणसांना मोजायची रीत बसवली. सिनसिनाटी बेंगॉल्सचा डावा टॅकल अँथनी मुन्योझ 1980 ते 1992 खेळला, 11 वेळा वर्षातल्या सर्वोत्तमांच्या प्रो बोल सामन्यासाठी निवडला गेला आणि 1998मध्ये त्याला त्या खेळाच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. क्वार्टरबॅकच्या फेकींची संख्या पुढे करून त्याला कोणी ‘गरिबांचा क्वार्टरबॅक’ म्हटले नाही. तो कोणत्या कामासाठी उभा आहे हे मोजणाऱ्यांना ठाऊक होते. भारतीय क्रिकेटचे लेखन सुरतीच्या बाबतीत नेमके इथेच चुकले. वाट करून देणाऱ्या माणसाचा हिशेब त्याने पळणाऱ्याच्या वहीत मांडला.

शिवाय तो केवळ लकाकी घालवणारा गोलंदाज होता, हेही पुरते खरे नाही. डिसेंबर 1967मध्ये ॲडलेडच्या कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या डावात त्याने 74 धावांत पाच बळी घेतले. त्याच सामन्यात त्याने 70 आणि 53 धावाही केल्या. एकाच कसोटीत दोन अर्धशतके आणि डावात पाच बळी ही कामगिरी कोणत्याही देशाच्या अष्टपैलूच्या नावापुढे मिरवण्याजोगी आहे. भारत तो सामना हरला, आणि हरलेल्या सामन्यातली कामगिरी लवकर विसरली जाते.

दुसरा आक्षेप शतकाचा. कसोटीत सुरतीची सर्वोच्च धावसंख्या 99 आहे. ती मार्च 1968मध्ये ऑकलंडला न्यूझीलंडविरुद्धच्या दुसऱ्या डावातली. भारताने तो डाव 5 बाद 261वर घोषित केला. त्यांतल्या 99 एकट्या सुरतीच्या होत्या. त्यानंतर न्यूझीलंडचा डाव 101 धावांत संपला आणि भारताने 272 धावांनी सामना जिंकला. आणखी एक धाव झाली असती, तरी सामन्याच्या निकालात काहीही फरक पडला नसता. फरक फक्त नोंदवहीत पडला असता, आणि त्या एका धावेच्या बळावर त्याचे मूल्यमापन कदाचित वेगळे झाले असते. असे मूल्यमापन किती पोकळ असते, हे यातूनच दिसते. त्याच मोसमात मेलबर्नला अजित वाडेकरही 99वर बाद झाला होता. पुढे वेलिंग्टनला वाडेकरने 143 धावा केल्या आणि त्याची 99ची हुरहुर संपली. सुरतीला तशी भरपाई मिळाली नाही, एवढाच काय तो दैवाचा फेर.

मोठी खेळी त्याच्या आवाक्याबाहेर होती, असेही म्हणता येत नाही. 1959-60च्या रणजी मोसमात राजस्थानकडून खेळताना त्याने उत्तर प्रदेशाविरुद्ध नाबाद 246 धावा केल्या होत्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्याच्या आठ हजारांहून अधिक धावा आणि पावणेतीनशेहून अधिक बळी आहेत. कसोटीत मात्र त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा पडझड सावरण्याचे काम आले, आणि पडझड सावरणारा फलंदाज शतकावर नव्हे, टिकून राहण्यावर मोजला पाहिजे.

टिकण्याच्या मापाने 1967-68च्या दौऱ्यातले त्याचे डाव एकापाठोपाठ एक वाचण्यासारखे आहेत. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला 70 आणि 53, मेलबर्नला 30 आणि 43, ब्रिस्बेनला 52 आणि 64, सिडनीला 29 आणि 26. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला 28 आणि 44, क्राइस्टचर्चला 67 आणि 45, वेलिंग्टनला 10, ऑकलंडला 28 आणि 99. आठ कसोटी, पंधरा डाव, 688 धावा, जवळपास 46ची सरासरी. या पंधरा डावांत पंचवीस धावांच्या आत तो एकदाच बाद झाला. ऑस्ट्रेलियातल्या मालिकेत त्याच्या 367 धावा झाल्या आणि त्या भारताकडून सर्वाधिक होत्या. चारही सामने हरणाऱ्या संघात इतके सातत्य आणि सोबत गोलंदाजीचा भार, ही शतकाच्या अभावाने झाकली जाणारी गोष्ट नाही.

त्याच मालिकेतली ब्रिस्बेनची कसोटी प्रसिद्धी कोणाकडे जाते याचे चांगले उदाहरण आहे. भारतापुढे 395 धावांचे लक्ष्य होते. संघाने 355 केल्या आणि 39 धावांनी सामना गमावला. हा सामना आठवतो तो एम. एल. जयसिंहामुळे. तो ऐन वेळी भारतातून विमानाने आला, सरावाविना मैदानात उतरला आणि त्याने 74 आणि 101 धावा काढल्या. ती खेळी थोर होतीच. पण सुरतीनेही त्या सामन्यात दोन्ही डावांत अर्धशतके केली आणि ऑस्ट्रेलियाच्या दोन्ही डावांत बळी घेतले. विमानातून उतरून शतक करणाऱ्याची गोष्ट सांगायला रंजक असते. दौऱ्याच्या पहिल्या दिवसापासून रोज राबणाऱ्याची गोष्ट तशी होत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो अर्धा मान्यच करावा लागतो. या आठ कसोटी वजा केल्या तर उरलेल्या 18 सामन्यांत सुरतीच्या 575 धावा उरतात आणि सरासरी विशीच्या खाली घसरते. एकाच दौऱ्याने त्याची कारकीर्द उचलून धरली, हे खरे. पण ते 18 सामने नऊ वर्षांत विखुरलेले आहेत. त्यांत 1962चा वेस्ट इंडीजचा दौरा आहे, जिथे भारत पाचही कसोटी हरला. त्याच दौऱ्यात मार्चमध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्यावर आदळला आणि त्याची कसोटी कारकीर्द तिथेच संपली. दुसऱ्या टोकाला तेव्हा सुरती उभा होता. पुढच्या वर्षांत तो कधी संघात, कधी संघाबाहेर असा राहिला. फलंदाजीचा क्रम बदलत राहिला. ऑक्टोबर 1964मध्ये मुंबईला भारताने ऑस्ट्रेलियाला दोन गडी राखून हरवले त्या अकरांतही तो होता, पण खालच्या क्रमांकावर. आठ कसोटी सलग खेळण्याची संधी त्याला त्या एका दौऱ्यात मिळाली, आणि त्याच दौऱ्यात तो सर्वांत चांगला खेळला. या दोन गोष्टी एकत्र घडल्या, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

आणि तो दौरा कोणता होता, हेही आक्षेप घेणारे सोडून देतात. फेब्रुवारी 1968मध्ये ड्युनेडिनला भारताने परदेशातली पहिली कसोटी जिंकली आणि पुढे 3-1 अशी परदेशातली पहिली मालिकाही जिंकली. भारतीय क्रिकेटच्या इतिहासात 1971चे वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमधले विजय मोठे आहेत. त्यांच्या आधीची पायरी न्यूझीलंडची आहे. त्या मालिकेत प्रसन्नाने 24 बळी घेतले, वेलिंग्टनला बापू नाडकर्णीने 43 धावांत 6 बळी घेतले, आणि सुरतीने चार कसोटींत 321 धावा केल्या. ज्याची कामगिरी एकाच दौऱ्यात एकवटली आहे तो खेळाडू लहान ठरवायचा असेल, तर निदान तो दौरा तरी लहान असायला हवा होता.

समकालीनांच्या शेजारी ठेवले म्हणजे शिक्क्यातला पक्षपात अधिक ठळक होतो. एकनाथ सोलकर 27 कसोटी खेळला, 25.42च्या सरासरीने 1,068 धावा, 59.44च्या सरासरीने 18 बळी. सलीम दुराणीच्या 29 कसोटींत 25.04च्या सरासरीने 1,202 धावा. आबिद अलीच्या 29 कसोटींत 20.36च्या सरासरीने 1,018 धावा आणि 42.12च्या सरासरीने 47 बळी. नाडकर्णीच्या 41 कसोटींत 25.70च्या सरासरीने 1,414 धावा. या चौघांपैकी कोणाचीही फलंदाजीची सरासरी सुरतीच्या 28.70पर्यंत पोहोचत नाही. दुराणी आणि नाडकर्णी गोलंदाज म्हणून सुरतीपेक्षा निर्विवाद सरस होते. सोलकर आणि आबिद अली यांच्याबाबत तसे ठामपणे म्हणता येत नाही.

तरीही सोलकरचे नाव मराठी वाचक प्रेमाने घेतात, आणि योग्यच करतात. फॉरवर्ड शॉर्ट लेगला, हेल्मेटशिवाय, त्याने 27 कसोटींत 53 झेल घेतले. त्याची 59.44ची गोलंदाजीची सरासरी कोणी काढत बसत नाही, कारण तो संघात कशासाठी होता हे सर्वांना ठाऊक आहे. नाडकर्णीच्या बाबतीतही 1964मध्ये मद्रासला टाकलेली सलग 21 निर्धाव षटके आठवतात. त्या काटकसरीतून समोरच्या गोलंदाजाला काय मिळाले हे जाणकार ओळखतात. म्हणजे बळींच्या रकान्यात न दिसणारे काम मोजण्याची समज मराठी क्रिकेटरसिकांत आहे. सुरतीपर्यंत ती पोहोचली नाही, इतकेच. तो मुंबईच्या मैदानांवर घडला नाही. गुजरात आणि राजस्थानकडून रणजी खेळला आणि ऐन उमेदीत ऑस्ट्रेलियात गेला. त्याचे किस्से सांगणारा गोतावळा मुंबईत तयार झाला नाही, हे त्यामागचे एक कारण दिसते.

क्षेत्ररक्षणाचेही असेच झाले. 26 कसोटींत 26 झेल ही नोंद राहते. कव्हरला अडवलेल्या धावांची नोंद राहत नाही. त्या काळच्या भारतीय संघात वाकून चेंडू उचलणे हेसुद्धा अनेकांना कमीपणाचे वाटे. पतौडीच्या नेतृत्वाखाली हे बदलू लागले, आणि पतौडीच्या बरोबरीने ज्याचे नाव चांगल्या क्षेत्ररक्षकांत घेतले जाई तो सुरती होता.

त्याच्या योग्यतेचा सर्वांत स्वच्छ निवाडा भारताबाहेर झाला. 1968मध्ये व्यावसायिक क्रिकेटचा बाजार खुला होऊ लागला होता. इंग्लिश काउंटींनी परदेशी खेळाडू घ्यायला सुरुवात केली. सोबर्स नॉटिंगहॅमशायरला गेला, फारुख इंजिनिअर लँकेशायरला. त्याच वर्षी क्वीन्सलँडने सुरतीला ऑस्ट्रेलियातल्या शेफील्ड शील्ड स्पर्धेसाठी घेतले. ब्रिस्बेन ही क्वीन्सलँडची राजधानी, आणि काही महिन्यांपूर्वी त्याच शहरातल्या कसोटीत त्याने दोन अर्धशतके केली होती. म्हणजे क्वीन्सलँडने त्याला कोणाच्या शिफारशीवरून नव्हे, प्रतिस्पर्धी म्हणून डोळ्यांनी पाहून निवडले. 1968-69च्याच मोसमात त्याने वेस्टर्न ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक घेतली. शील्डमध्ये क्वीन्सलँडकडून घेतली गेलेली ती पहिली हॅटट्रिक. 1972-73पर्यंत तो त्या संघाकडून खेळला. सोबर्स स्वतः काही वर्षांपूर्वी साउथ ऑस्ट्रेलियाकडून शील्ड खेळून गेला होता, तेव्हा खरा सोबर्स कसा असतो हे ऑस्ट्रेलियनांना ठाऊक होते. हे माहीत असूनही त्यांना सुरती पाच मोसम हवासा वाटला. परवडत नाही म्हणून दुय्यम माल घेणाऱ्याचे हे वागणे नाही.

सुरतेच्या जरीच्या धंद्यात चांदीची तार ओढून, चपटी करून रेशमाच्या किंवा सुताच्या धाग्यावर गुंडाळतात. ग्राहक चकाकीची किंमत करतो. कारागीर आधी आतला धागा ओढून पाहतो, कारण तो तुटला तर वरची चांदी कपड्यावर टिकत नाही. प्रसन्नाने 1967-68च्या दौऱ्यातल्या आठ कसोटींत घेतलेले 49 बळी ही वरची चांदी होती. ती खरी होती. तिच्या आत कोणता धागा होता, हे पाहणे मूल्यमापन करणाऱ्याचे काम आहे.

तेव्हा संदर्भग्रंथातली सुरतीची नोंद उपमेवाचून लिहिली पाहिजे. सुरतेत जन्मलेला अष्टपैलू खेळाडू. वेगवान गोलंदाज नसलेल्या संघासाठी नवा चेंडू टाकला. 1967-68मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मालिकेत भारताच्या सर्वाधिक धावा केल्या. परदेशातल्या भारताच्या पहिल्या मालिकाविजयात 321 धावांचा वाटा उचलला. शेफील्ड शील्डमध्ये क्वीन्सलँडकडून पाच मोसम खेळला. कसोटी शतक नाही, सर्वोच्च 99. एवढ्या नोंदीत सोबर्सचे नाव येण्याचे कारण उरत नाही.